काच तापू दे

२ जानेवारी

दादा,

नमस्कार, खुशाली वगैरे गाळते. सहा वर्षांनी बोलतेय, गोडगोड सुरुवात मला जमणार नाही आणि तुला पचणार नाही. तू माझा नंबर बंद करून टाकलायस म्हणून कागद-पेन घेऊन बसले. अक्षर तेच आहे, कोंबडीचे पाय. सहन कर.

बारा फेब्रुवारीला टिंगीच्या टॉन्सिलचं ऑपरेशन आहे, हे कळलं. आईनं सांगितलं नाही, तिच्या तोंडून निसटलं. माझं नाव तुझ्यासमोर आणि तुझं माझ्यासमोर काढायचं नाही ही तुझी अट ती बिचारी पाळते, पण नातीचं काही असलं की तिच्या पोटात राहत नाही.

आता कामाचं. टिंगीला भूल देणारे जे डॉक्टर असतील त्यांना आधी जाऊन सांग, की मुलीच्या आत्याला स्नायूंचा आजार निघालाय आणि तो घराण्यातून येतो. एवढंच.

हा आजार जीव घेणारा वगैरे नाही, घाबरू नकोस. आपल्या स्नायूंना आवळायचं कळतं, सैल व्हायचं लवकर कळत नाही. गारठ्यात तर मुळीच नाही. पण भूल देताना गोष्ट वेगळी होते. श्वासाची नळी घालण्याआधी स्नायू ढिले करायचं औषध देतात. त्यातलं एक औषध असं आहे, की इतरांना ढिलं करतं आणि आपल्यासारख्यांना आवळतं. जबडा मिटतो तो उघडत नाही. मग नळी घालायची कुठून? हे मी माझ्या मनचं सांगत नाही, माझ्या नसांच्या डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सांगितलंय. आधी माहीत असलं तर काही अवघड नाही, दुसरी औषधं आहेत, मुलीला उबदार ठेवायचं, झालं. माहीत नसलं तर जिवावर बेतू शकतं.

टिंगीला हे असेलच असं नाही. आईबापांपैकी एकाला असलं तर मुलाला असण्याची शक्यता अर्धी. पण ती तान्ही असताना रडून थांबली की डोळे घट्ट मिटलेलेच राहायचे, आठवतं? आपण हसायचो, म्हणायचो, रुसलीय. आणि आता आइस्क्रीम खाल्लं की ती बोबडं बोलते असं आई कौतुकानं सांगत होती. मला कौतुक वाटलं नाही. गारठ्यानं जीभ आवळते ती.

रिपोर्टची प्रत सोबत जोडलीय. ती डॉक्टरांच्या हातात दे. माझ्यावरचा राग ठेव, हवा तेवढा ठेव, त्याला मी हात लावत नाही.

तुझी बहीण


११ जानेवारी

(कार्ड)

दादा, पाकीट परत आलं. वर शिक्का, 'घेण्यास नकार'. ठीक. कार्डाला पाकीट नसतं, नकार द्यायच्या आधी ते वाचलंच जातं. म्हणून आता कार्डं. टिंगीच्या भूलवाल्या डॉक्टरांना सांग: आत्याला स्नायू आवळून राहण्याचा आजार आहे, वडिलांकडून आलेला. पोस्टमनदादा, तुम्ही हे वाचत असाल तर यांनाही मोठ्यानं वाचून दाखवा, उपकार होतील. उद्या दुसरं कार्ड टाकते.

चिकटी


१८ जानेवारी

दादा,

वहिनीचा आईला फोन आला होता. पाच कार्डं पोचली म्हणे. पोस्टमन दारात उभा राहून "मुलीची तब्येत कशी आहे आता?" असं विचारून गेला आणि तू लाल झालास. समोरच्या बाईंनीही विचारलं. छान झालं. आता वहिनी म्हणाली, "वन्संना सांगा, कार्डं पुरे, पाकीट पाठवा. दुपारी मी एकटीच घरी असते, मी घेईन आणि यांच्या ताटाशेजारी ठेवीन." वहिनी, तुझं भलं होवो.

आणि तू काय म्हणालास तेही कळलं. "त्या दिवसाचं खापर आता रोगावर फोडतेय."

बरं. विषय तू काढलास. मी काढणार नव्हते. सहा वर्षं तू तुझ्या बाजूनं सगळ्यांना सांगितलंस आणि सगळ्यांनी ऐकलं, कारण टाके तुझ्या हाताला पडले होते. माझ्या बाजूनं एकदा ऐक. ताटाशेजारी आहे पत्र, जेवताना वाच, घास अडकला तर पाणी पी.

बाबांचा काचेच्या दुकानातला नियम आठव. हिवाळ्यात सकाळी आल्या आल्या काच उचलायची नाही. "काच तापू दे," म्हणायचे, आणि आपण तिघं चहाच्या ग्लासाला दोन्ही हात लावून बसायचो. गिऱ्हाईक दारात पाय आपटत असलं तरी बाबा ढिम्म. काच तापत नसते, दादा. ती मागच्या मांडणीत गारच असायची. तापायचे ते आपले हात. बाबांना हे ठाऊक होतं असं मला आता वाटतं. हातांचं सांगायची लाज, म्हणून काचेवर ढकललं. आणि ते कुणाचा हात हातात घेतला की सोडायचे नाहीत, लोक म्हणायचे काय जीव लावतो हा माणूस! जीव लावायचेच ते, पण त्यातलं निम्मं थंडीचं होतं.

त्या दिवशी शोरूमची ती मोठी काच न्यायची होती. गाडी दारात उभी. मी चहाचा ग्लास धरला तर तू ओरडलास, "काच काय पाव आहे का तापायला? उचल!" बाबा जाऊन वर्ष झालं होतं, नियम मोडायला आता तुला कुणाची परवानगी नको होती. मी उचलली. ठरल्याप्रमाणे मी खालच्या बाजूला, तू वरच्या. काच आधी गाडीवरच्या तिरक्या लाकडी घोड्यावर टेकवायची, खालच्यानं बोटं काढून 'सोडलं' म्हणायचं, मगच वरच्यानं ती कलती करायची. लहानपणापासून हेच करत आलो. 'सोडलं' ऐकल्याशिवाय काच हलवायची नाही आणि बोटं निघाल्याशिवाय 'सोडलं' म्हणायचं नाही.

मी 'सोडलं' म्हणाले. आणि दादा, मी सोडली होती. मनानं सोडली होती, हातानं सुटली नव्हती. बोटं तशीच मिटलेली. तू कलती केलीस, माझा कोपरा माझ्या मुठीत, काच पिळली, फुटली, आणि तुझ्या हातावर आली.

तू रक्ताळलेला हात धरून सगळ्यांसमोर म्हणालास, "खोटारडी. मुद्दाम धरून ठेवलीस." आदल्या दिवशी आपण भांडलो होतो, तुला दुकान विकायचं होतं, मला नव्हतं. त्यामुळे सगळ्यांना ते लगेच पटलं. मला काय बोलावं सुचेना. मी स्वतःच 'सोडलं' म्हणाले होते ना! तोंड एक सांगतंय, हात एक करतोय, याचं कारण मला तरी कुठे कळत होतं?

तुला दवाखान्यात नेलं. तू गेलास म्हणून तुला माहीत नाही, त्यानंतरही फुटलेल्या काचेचा तुकडा माझ्या हातात होता. हातमोजा फाटून आत रुतत होता आणि मला तो टाकता येत नव्हता. शेवटी वहिनीनं गरम पाण्याचं भांडं आणलं आणि त्यात माझा हात धरला. तिला विचार. मुद्दाम कुणी असं धरून ठेवतं का?

मी तुझी माफी मागत नाहीये. मी काही केलंच नव्हतं. तुझी दोन बोटं वाकत नाहीत याचं मला वाईट वाटतं, रोज वाटतं, पण ते वेगळं.

आता हे सगळं बाजूला ठेव आणि बारा तारखेचं बघ. परत आलेलं पहिलं पत्र, रिपोर्टसकट, यातच घातलंय.

चिकटी


२५ जानेवारी

दादा,

तुझा निरोप पोचला. "तिला काय झालंय ते सिद्ध कुठे झालंय? डॉक्टर काय, काहीही नावं ठेवतात." घे मग सिद्ध.

मागच्या नोव्हेंबरात एके सकाळी मी दुकानाचं शटर वर ढकललं आणि हात शटरबरोबर वरच राहिला. लोखंड गार, बोटं मिटलेली, मी चवड्यांवर उभी. रस्त्यानं जाणारे एक आजोबा "वा, या वयात व्यायाम!" म्हणून पुढे गेले. या वयात! मी अडतीसची आहे. शेजारच्या औषधवाल्यानं पाहिलं, तो काही हसला नाही. म्हणाला, "ताई, हे संधिवाताचं नाही. नसांच्या डॉक्टरला दाखवा." मी टाळत होते, त्यानं मलम विकणंच बंद केलं मला.

शेवटी गेले. त्या डॉक्टरांकडच्या बाकावर माझ्याशेजारी एक बाई गालावर पदर धरून बसल्या होत्या. पंखा लावू देईनात. गालावर वारा लागला तरी वीज चमकल्यासारखी कळ येते म्हणाल्या, दात घासायची चोरी. पलीकडे एक तरुण मुलगा, त्याला फिट्स येतात. मी मनात म्हटलं, आपण चुकीच्या रांगेत बसलो, यांचं काय आणि माझं काय! डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या, रांग बरोबर होती.

त्यांनी मला मूठ घट्ट मिटायला लावली आणि "पटकन उघडा" म्हणाल्या. उघडली. परत. परत. पाचव्यांदा मूठ अडकली. इतरांची सरावानं सैल होते, आपली सरावानं आवळते. मग अंगठ्याच्या मांसावर छोट्या हातोडीनं टकटक केलं, तर अंगठा आत वळला आणि तिथेच बसला, हळूहळू परत आला. मग दंडात बारीक सुई घालून ती एका यंत्राला जोडली. यंत्रातून स्नायूचा आवाज येतो. निरोगी माणसाचा स्नायू पडून असला तर गप्प असतो. माझ्या दंडातून थंडीत स्कूटर चालू करताना येतो तसा आवाज आला, वर चढला, मग घरघरत खाली. मी हात हलवलाही नव्हता! बाई म्हणाल्या, "ऐकलंत? हे तुमचे स्नायू, तुम्ही न सांगता बोलताहेत." दादा, मला रडू फुटलं. सहा वर्षं मी खोटारडी होते आणि माझ्या हाताला स्वतःचा आवाज होता.

आता कारण ऐक, तुला लगेच कळेल, तू काचेची दारं बसवलीयस. स्नायूच्या आणि नसेच्या अंगावर बारीक बारीक दारं असतात. मेंदूचा हुकूम आला की ती उघडतात, सोडियम आत घुसतो, तोच आपल्या मिठातला, आणि त्यानं स्नायू आवळतो. दार उघडल्या उघडल्या मिटायला हवं. काचेच्या दाराखाली आपण स्प्रिंग बसवतो ना, ती खराब झाली की दार पूर्ण लागत नाही, फट राहते, तसं आपल्या काही दारांचं होतं. फटीतून सोडियम येतच राहतो आणि स्नायूला वाटतं हुकूम चालूच आहे. गारठ्यात स्प्रिंग आणखी आळशी. मला हे सांगितल्यावर मी म्हटलं, "मग स्प्रिंग बदला." बाई हसल्या. स्प्रिंग बदलता येत नाही, जन्माची आहे. पण दार अडवता येतं.

गोळी तेवढंच करते. ती त्या दारात जाऊन बसते. गंमत म्हणजे जे दार सारखं उघडझाप करतंय त्यातच जास्त बसते, शांत दाराच्या फारशी वाटेला जात नाही. म्हणून हात लुळा पडत नाही, फक्त त्याचा अतिउत्साह उतरतो. ही गोळी खरं तर हृदयाचे ठोके चुकणाऱ्यांसाठी निघाली. त्या गालावर पदर धरलेल्या बाईंची गोळी वेगळी, त्या मुलाची वेगळी, पण काम तेच, कुणाच्या नसा, कुणाचे स्नायू, जिथे दारं पिसाळलीत तिथे अडवायची. दाताच्या डॉक्टरकडे हिरडी बधिर करायचं इंजेक्शन देतात, तेही याच जातीचं. म्हणून रांग बरोबर होती.

सगळं गोडगोड नाही. आधी हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढावी लागली, कारण जे दुसऱ्याचं हृदय ताळ्यावर आणतं ते एखाद्याचं बिघडवूही शकतं. पहिल्या आठवड्यात मी शहाणपणा करून उपाशीपोटी गोळी घेतली, छातीत अशी जळजळ की नको. हात थरथरले, मला वाटलं एक गेलं आणि दुसरं आलं. मी बाईंना फोन करून म्हटलं, सोडून देते. त्या म्हणाल्या, "सोडू नका, जेवून घ्या." डोस कमी केला, मग हळूहळू वाढवला.

आणि एका सकाळी मी शटर वर ढकललं आणि हात खाली आला. बस, एवढंच. मी परत खाली ओढलं, परत वर ढकललं. औषधवाला बाहेर येऊन बघायला लागला. त्याला वाटलं शटर बिघडलं. मी त्याला पाच वेळा करून दाखवलं. शटरचा आवाज सगळ्या गल्लीत. दादा, मी इतकी आनंदात होते आणि सांगायला पहिलं माणूस तू आठवलास. काय मूर्खपणा आहे माझा!

तू डॉक्टरांना सांगितलंस का? हो किंवा नाही, आईकडे निरोप ठेव.

चिकटी


४ फेब्रुवारी

दादा,

निरोप नाही. वहिनी म्हणते, पत्रं तू वाचतोस, घडी करून खिशात ठेवतोस आणि काही बोलत नाहीस. तिनं स्वतः विषय काढला तर "माझ्या मुलीला रोगी ठरवायचं नाही" म्हणून ताटावरून उठलास.

मग मीच दवाखान्यात फोन केला. नंबर वहिनीनंच दिला, तिला बोलू नकोस. तिथली मुलगी नम्रपणे म्हणाली, "आत्याच्या सांगण्यावरून आम्ही नोंद करत नाही. पालकांनी सांगायला हवं. आणि वडिलांनी घरात काही आजार नाही असं लिहून दिलंय, बदलायचं तर त्यांनीच." लिहून दिलंस? दादा!

आता मी एक शपथ मोडते. तू चौथीत होतास, मी दुसरीत. शाळेच्या मागचा नळ. थंडीचे दिवस होते, तू खेळून आलास, गार पाण्यानं तोंड धुतलंस आणि डोळे मिटले ते उघडेनात. घंटा झालेली, सगळे आत गेलेले. तू रडला नाहीस, फक्त म्हणालास, "चिकटे, मला दिसत नाहीये." मी तुझा हात धरून तुला भिंतीला उन्हात उभं केलं आणि तुझ्या डोळ्यांवर माझे तळवे ठेवून उभी राहिले. हळूहळू उघडले. मग तू मला शपथ घातलीस, कुणाला सांगायचं नाही, बाबांनाही नाही. मी पाळली. त्या दिवशी दुकानात तू मला खोटारडी म्हणालास तेव्हाही पाळली. तेव्हा ओरडून सांगता आलं असतं की याचंही असंच होतं, याला विचारा! ब्र काढला नाही.

तू मागाहून कायम लोकरीचे हातमोजे घालून यायचास. चेष्टा केली तर चिडायचास. मला वाटतं, तुला माझ्यापेक्षा आधी कळलं होतं. 'मुद्दाम धरून ठेवलीस' म्हणणं सोपं होतं. 'हिचंही माझ्यासारखं झालं' म्हणायचं तर स्वतःचं कबूल करावं लागलं असतं.

तू भित्रा आहेस असं मी म्हणत नाही. फक्त बापानं आपली लाज काचेवर ढकलली, तू माझ्यावर ढकललीस, आता टिंगीवर ढकलू नकोस. तिला शुद्ध नसेल, तिला 'जबडा उघडत नाही' असं सांगता येणार नाही. तिच्या वतीनं सांगणारा तूच आहेस.

चिकटी


९ फेब्रुवारी

दादा,

अजून काही नाही. बरं. मी येतेय. बारा तारखेला सकाळी दवाखान्यात असेन, फाईल घेऊन. तू मला दारातून हाकलशील, मी खिडकीतून येईन. काचवाली आहे, खिडक्या मला चांगल्या कळतात. आईला सांगितलंय. ती म्हणाली, "जा, आणि मी त्याची अट मोडली म्हणून सांग त्याला."

चिकटी


१७ फेब्रुवारी

दादा,

कालच टिंगीशी फोनवर बोलले. ऑपरेशन झाल्यापासून घसा खरखरतोय, पण तक्रारी ऐकाव्या तिच्या! वॉर्डातल्या सगळ्या मुलांना आइस्क्रीम मिळालं आणि हिला कोमट खीर, हा अन्याय आहे आणि तो आत्यामुळे झाला असं तिला कुणीतरी सांगितलंय. कुणी ते मला माहीत आहे. मी तिला म्हटलं, सगळं माझ्यावर घाल, मला सवय आहे.

बारा तारखेचं तू कुणाला सांगणार नाहीस, म्हणून मी तुलाच सांगते. नीट लक्षात राहावं म्हणून.

मी पोचले तेव्हा भूल देणाऱ्या डॉक्टर टिंगीच्या खाटेशी उभ्या होत्या. वहिनी टिंगीची वेणी घालत होती. डॉक्टरांनी शेवटचं विचारावं तसं विचारलं, "घरात कुणाला भुलीचा त्रास? स्नायूंचं काही?" तू क्षणभर थांबलास. मी बघितलं, तू थांबलास. मग म्हणालास, "नाही." आणि मी मागून म्हणाले, "आहे."

तू वळलास. अजिबात ओरडला नाहीस. तुझे हात ओले होते, नुकताच नळावरून आला होतास, आणि त्या खोलीत गारठा असा की बोलताना दात वाजावेत. तू माझं मनगट धरलंस, डाव्या हातानं, धडक्या हातानं, आणि मला ओढत दारापर्यंत आणलंस. "निघ," म्हणालास. मी म्हटलं, "सोड आधी." तू म्हणालास, "सोडलं. जा."

आणि तुझी पाचही बोटं माझ्या मनगटावर होती.

तू खाली बघितलंस. मीही बघितलं. मी ओढलं नाही, हललेही नाही. ओढलं की आणखी आवळतं, मला माहीत आहे ना. तू दुसऱ्यांदा, हळू, कुणी ऐकू नये असं म्हणालास, "सोडलंय मी." मी म्हटलं, "माहीत आहे."

डॉक्टर चालत आल्या. त्यांनी आधी तुझ्या हाताकडे बघितलं, मग तुझ्या तोंडाकडे. वहिनी गरम पाण्याची पिशवी घेऊन आली आणि तुझ्या बोटांवर धरली. सहा वर्षांत तिची रीत बदलली नाही. बोटं एकेक करून सुटली, करंगळी सगळ्यांत शेवटी. माझ्या मनगटावर वळ उठलेत, अजून आहेत, आईला दाखवले. ती रडली आणि मग म्हणाली, "अगदी ह्यांच्यासारखी पकड."

मग तू डॉक्टरांना म्हणालास, "मी चुकीचं लिहून दिलंय. मलाही आहे. लहानपणापासून." मोठ्यानं म्हणालास, सगळ्यांना ऐकू जाईल असं. टिंगीनं विचारलं, "बाबा, काय आहे?" तू तिच्याजवळ जाऊन बसलास आणि तिला शाळेतल्या नळाची गोष्ट सांगितलीस. मला त्या क्षणी तुझा इतका अभिमान वाटला की मी बाहेर जाऊन उभी राहिले, कारण तुझ्यासमोर रडायचं नाही असं ठरवून आले होते.

ऑपरेशन दोन दिवस पुढे गेलं. माझ्या डॉक्टरीणबाईंशी भूलवाल्या डॉक्टरांचं बोलणं झालं, ते औषध टाळलं, टिंगीला गरम पांघरुणात गुंडाळून आत नेलं आणि गुंडाळूनच बाहेर आणलं. ती दारातून येईपर्यंत आपण बाहेरच्या बाकावर बसलो होतो, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. तू एकच विचारलंस, "त्या दिवशी तुझी पण अशीच?" मी म्हटलं, "अशीच." तू मान हलवलीस. माफी मागितली नाहीस. बरं केलंस. मागितली असतीस तर मी काहीतरी वाकडं बोलले असते, आणि आपण परत सहा वर्षं मागे गेलो असतो.

आता ऐक, कारण माझं संपलेलं नाही. पुढच्या गुरुवारी दहा वाजता माझ्या डॉक्टरीणबाईंकडे तुझी वेळ घेतलीय. टिंगीलाही आण, तिची तपासणी साधी असेल, छोट्यांना सुई उगाच टोचत नाहीत. तुझी हृदयाची पट्टी काढतील. गोळी द्यायची की नाही ते त्या ठरवतील, तू नाही, मीही नाही. दिली तर जेवून घ्यायची. बाकावर गालावर पदर धरलेल्या बाई भेटल्या तर पंखा लावू नकोस. त्या आता पदर न धरता बसतात, पण वाऱ्याची भीती गेलेली नाही.

तिथलं झालं की दुकानात ये. तू गेल्यापासून मी मोठी काच उचललेली नाही. आरसे, खिडक्यांचे तुकडे, फोटोंच्या चौकटी, एवढंच करते. मोठं काम आलं की बाहेरची माणसं बोलावते, ती 'सोडलं' म्हणत नाहीत, नुसतीच सोडतात, आणि माझा जीव टांगणीला लागतो. एका दुकानाच्या दर्शनी काचेची ऑर्डर आलीय. मी हो म्हटलंय. तुझ्या दोन बोटांना झेपेल तेवढंच धर, खालच्या बाजूला मी राहीन. पहिल्यांदा नाही जमली तर उतरवून ठेवू, घाई कुणाला आहे?

सकाळी लवकर निघालास तर बाहेर गारठा असेल. ते लोकरीचे हातमोजे घाल, मी हसणार नाही. थोडी हसेन. चहा टाकलेला असेल.

ये. काच तापवून ठेवते.

चिकटी